परीक्षा वेबसाइटची

सन दोन हजार चोवीस. कागदावर माझं वय बाहत्तर होतं, आई सांगायची त्या हिशोबानं दोनेक वर्षं जास्त. शाळा म्हणाल तर दुसरी, तीही पुरी नाही. भाताची लावणी आली की बाप मास्तरांना सांगायचा, पोर शेतात लागतंय, आणि मास्तर मान हलवायचे. पुढं शेतं गेली, तिथं नव्या शहराचे सेक्टर आले आणि मी ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका रंगाच्या कारखान्यात लागलो. तिथं वाचायचं काम फारसं नव्हतं. निळा पट्टा म्हणजे अमुक, लाल चौकोन म्हणजे तमुक. बाकी सगळे आकडे, आणि आकडा मला बघताक्षणी कळतो. रिटायर होईपर्यंत माझ्या हातून चुकीचा ड्रम कधी चढला नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू दे.

आता हे जे चाललंय ते मी बोलून लिहितोय. मोबाइलवर माइकचं चित्र असतं, ते दाबून बोललं की तो लिहून घेतो. मग मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचतो, चुकलेलं पुन्हा बोलतो. एका पानाला दुपार जाते.

त्या वर्षी बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आधी ती म्हणायची, धूर आलाय. गॅसची शेगडी आणि धूर कुठला? मग एकदा तव्यावरची भाकरी परतताना तिनं मनगट तव्याला लावलं. बोंबील साफ करायला बसली की मला शेजारी बसवायची आणि म्हणायची, बोलत राहा, माझा वेळ जात नाय. खरं म्हणजे तिला साफ केलेले कुठले आणि राहिलेले कुठले ते दिसत नव्हतं, आणि मी बोलताबोलता हातानं तिच्याकडं सरकवायचो.

ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीण चांगली होती. म्हणाली, "आजोबा, उजवा डोळा आधी करू. पण आता थांबू नका. आत दाब वाढला तर नजर जाईल, आणि गेलेली नजर ऑपरेशननं परत येत नाही." हे तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. बायकोला मी एवढंच सांगितलं की लवकर करायचंय.

पूर्वी त्या दवाखान्यात खिडकीपुढं रांग असायची. पहाटे जाऊन चप्पल ठेवायची, की नंबर लागला. आता खिडकीवर पाटी होती आणि आतला माणूस पाटीकडं बोट दाखवायचा: टोकन फक्त वेबसाइटवर.

मुलगा उलव्याला राहायला गेलाय. त्याला फोन केला असता तर झालं असतं. पण त्याला सांगितलं की सुनेला कळतं, सुनेला कळलं की तिच्या माहेरी कळतं. मी गावचा पंच होतो. दोन भावांच्या वाटणीत मधे बसून निवाडा केलेला माणूस. मी म्हटलं, एवढ्या मोबाइलला काय घाबरायचं.

दुपारी बायको आडवी झाली आणि मी ओटीवर बसून वेबसाइट उघडली.

ज्यांना वाचता येतं त्यांना सांगून पटत नाही, तरी सांगतो. तुम्ही ओळ बघता, मी अक्षर बघतो. न, मग ओं, मग द, मग णी. चार अक्षरं जुळवून "नोंदणी" झाली की पुढच्या शब्दाला लागायचं, आणि तिसरा शब्द जुळतो तोवर पहिला विसरलेला असतो. वर एक लाल पट्टी पळत होती, त्यात काहीतरी महत्त्वाचं लिहिलं असणार. पण पहिलं अक्षर धरावं तर चौथं कडेला जाऊन पडलेलं. पान बोटानं वर सरकवलं की मी कुठं होतो तेच हरवायचं. वर्तमानपत्राचं पान निदान जागच्या जागी राहतं. म्हणून मग मी जे सगळेच करत असतील ते केलं. जाड जाड मजकूर सोडून दिला आणि रंगीत चौकोन शोधला. हिरवा दिसला की दाबला.

मोबाइलवर आकडे आले, ते एका दमात टाकले. तिथं मला कोणी हरवत नाही. बायकोचं नाव टाकलं. वय टाकलं. मग गावाची यादी उघडली.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, अशी ती खाली खाली गेलेली. बोनकोडे नाही. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. प्रत्येक नाव जुळवून बघायचं म्हणजे डोक्याला घाम. बोनकोडे नव्हतंच. आता शहरातला माणूस म्हणेल, कोपरखैरणे दाब, त्यातच येतं ते. येत असेल तुमच्या नकाशात. कोपरखैरणे हे शेजारचं गाव, आणि ती माझी सासुरवाडी. दोन गावांच्या मधे एक बांध होता, आता सिग्नल आहे. सासुरवाडीचं नाव मी माझ्या घराला लावू? घरजावई होऊन राहिलेल्या माणसाला आमच्यात काय काय ऐकावं लागतं ते मी पंच म्हणून बसून ऐकलंय. यादीच्या तळाला "इतर" होतं. ते मी दाबलं.

मग एक पान आलं. वरपासून खालपर्यंत मजकूर, आणि मधे ठळक अक्षरांत एक तारीख. तारीख मी लगेच वाचली. खाली हिरवा चौकोन होता, तो दाबला. पान गेलं. मी बायकोला उठवून सांगितलं, "मिळाली तारीख."

"कवाची?"

मी सांगितली. ती बोटांवर दिवस मोजायला लागली.

त्या दिवशी तिनं सकाळी डोक्यावरून आंघोळ केली. ऑपरेशननंतर पाणी लावायचं नाही म्हणतात, म्हणून. कपाटातलं नवं लुगडं काढलं. मी म्हटलं, तिथं हिरवा झगा घालतात, लुगडं कोण बघतंय. ती म्हणाली, "झगा घालाच्या आधी बघतीन ना." चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. आम्ही रिक्षानं गेलो.

खिडकीतल्या माणसानं माझा मोबाइल घेतला, बघितला आणि परत दिला. "आजोबा, ही ऑपरेशनची तारीख नाही. तुम्ही इतर भरलंय, म्हणून अर्ज परत आलाय. दुरुस्त करायची शेवटची तारीख आज आहे. सगळं लिहिलंय की इथं. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, घरच्या कुणाकडून तरी भरून घ्या."

तो उद्धटपणानं बोलला नाही. पण माझ्या मागं माणसं होती, आणि तो म्हणाला, कुणाकडून तरी. मी मोबाइल खिशात टाकला आणि बायकोजवळ गेलो. ती बाकावर बसली होती, तोंड माझ्याकडं केलेलं, पण माझ्या जरा डावीकडं.

"चल," मी म्हटलं. "यांची साइट बंद पडलीय. सगळ्यांना परत पाठवतायत."

ती उठली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मेल्यांनी आदी सांगाचं ना. मी पानी पन नाय प्याले." घरी येईपर्यंत ती त्या साइटला शिव्या देत होती आणि मी रस्त्याकडं बघत होतो. त्या दिवशी संध्याकाळ झाली. शेवटची तारीख संपली.

आमच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू ठेवलेत. नवरा-बायको, साताऱ्याकडचे. नवरा बँकेत आणि ती ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या कामावर. पंचेचाळिशीची असेल. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका. मालक म्हणून मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचो: पाणी किती वाजता येईल, गच्चीवर कुंड्या ठेवू नका. एका शुक्रवारी ती जिन्यात थांबली.

"काका, उद्या तासभर वेळ द्याल का? आमच्या ऑफिसात एक वेबसाइट तयार होतीय, त्या डोळ्यांच्या दवाखान्याचीच. म्हणजे आहे तीच सुधारायचीय. वडीलधारी माणसं ती कशी वापरतात ते आम्हाला बघायचंय."

"मीच का?"

ती जराशी अडखळली. "तुमचं गावात नाव आहे. तुम्ही स्पष्ट बोलता."

मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. बायकोनं ऐकलं आणि आतून म्हणाली, "त्यांनाच बोलवा. त्यांना लय राग हाय त्या साइटचा."

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या गाडीतून ऐरोलीला गेलो. काचेची बिल्डिंग, आत इतकी थंडी की मी हात खिशात घातले. एका खोलीत टेबल, टेबलावर मोबाइल, मोबाइलवर रोखलेला कॅमेरा. तिच्याबरोबर एक चष्मेवाला साहेब होता, तिच्याहून वरचा. तो म्हणाला, "काका, आधीच सांगतो, ही तुमची परीक्षा नाही. वेबसाइटची परीक्षा आहे."

"मग बसवलंय मला कशाला खुर्चीवर? तिला बसवा."

साहेब हसला. मॅडम म्हणाली, "तुम्ही फक्त टोकन काढायचं, आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं."

परीक्षा वेबसाइटची होती आणि त्या थंडीत घाम मला फुटत होता. वरची लाल पट्टी तशीच पळत होती. साहेबानं विचारलं, "ती वाचलीत का?" मी म्हटलं, "पळणाऱ्याच्या मागं मी लागत नाही." त्यानं ते लिहून घेतलं. मी हिरवे चौकोन दाबत गेलो. माझ्या हाताला वाट माहीत होती. आकडे टाकले, मॅडम म्हणाली, काका फास्ट आहेत हो. मग गावाची यादी आली आणि मी हात मागं घेतला.

"का थांबलात?"

"माझं गाव नाही यात."

साहेब वाकून बघायला लागला. "बोनकोडे ना? मग कोपरखैरणे घ्या की."

"कोपरखैरणे माझी सासुरवाडी आहे."

"बरं, मग?"

"तुम्ही तुमच्या दारावर सासऱ्याचं नाव लावलंय काय?"

मॅडम तोंडावर हात ठेवून हसली. साहेबही हसला. "लावलेलं नाही काका, पण फ्लॅट त्यांचाच आहे." मग आम्ही तिघंही हसलो. साहेब गंभीर होऊन म्हणाला, जुनी गावं यादीत घेतलीच पाहिजेत, ही आमची चूक आहे, इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानं माझ्याशी हात मिळवला. "थँक यू काका. मोठं काम केलंत. पुढचं पान तुम्हाला कळेलच, ते साधं आहे. पुढच्या माणसाला बोलवू या."

मी खुर्ची मागं सरकवली. मला तिथून ताठ मानेनं उठता येत होतं. गावात सांगायला गोष्टही झाली होती: कंपनीच्या साहेबाची चूक काढली, बोनकोडे यादीत घातलं. पण साहेबानं बोलताबोलता यादीतलं "इतर" दाबलं होतं, आणि टेबलावरच्या मोबाइलवर पुढचं पान उघडलं होतं. तोच वरपासून खालपर्यंत मजकूर. मधे ठळक तारीख, वेगळी, पण त्याच जागी. मी मनात म्हटलं, उद्या यादीत बोनकोडे येईल, मी ते दाबेन आणि अशाच कुठल्यातरी पानावर पुन्हा येऊन पडेन. आणि ती पुन्हा उपाशी येऊन बाकावर बसेल. डॉक्टरणीनं सांगितलेलं तिला नाही, मला माहीत होतं.

मी खुर्ची पुढं ओढली.

"हे पान साधं नाही," मी म्हटलं.

"काय अडतंय?" साहेबानं विचारलं.

"मला अक्षरं येतात. ओळ येत नाही."

मी म्हटलं, "थांबा, दाखवतो." आणि वाचायला लागलो. मोठ्यानं. आ, प, ल, आपला. अ, र्ज, अर्ज. बोट ठेवून वाचायची मला सवय, आणि बोट लागलं की पान हलायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. मॅडम मदतीला दोनदा पुढं झुकली आणि मागं सरली. साहेबानं पेन खाली ठेवलं होतं. बायकोखेरीज कुणापुढंही मी असं वाचलं नव्हतं. पहिली ओळ संपली तेव्हा साहेब हळू आवाजात म्हणाला, "काका, पुरे. यातनं तुम्हाला काय कळलं?"

"तारीख कळली. मागच्या वेळीही तीच कळली होती. मला वाटलं, ऑपरेशनची. बायकोला उपाशीपोटी घेऊन गेलो. ती अर्ज दुरुस्त करायची शेवटची तारीख होती."

मॅडमनं खुर्ची माझ्याकडं वळवली. "काकूंचं ऑपरेशन त्यामुळं राहिलं? त्या तर मला म्हणाल्या, साइट बंद होती. काका, मी ते इथं कळवलं. दोन माणसं आठवडाभर शोधत होती, साइट कधी बंद पडली म्हणून."

"नव्हती पडली," मी म्हटलं. "मी पाडली."

साहेबाला हसायचं होतं, पण तो हसला नाही. त्यानं नवा कागद घेतला आणि मला विचारायला लागला: कुठं थांबता, काय सोडून देता, हिरवाच का दाबता. मी सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं उरलं काय होतं. निघताना तो म्हणाला, "हे सगळं बदलायला वेळ लागेल काका, उद्या होणार नाही." मॅडम गाडीत म्हणाली, "नवीन नोंदणी मात्र उद्याच उघडतेय, सकाळी दहाला. जागा पटापट भरतात. रविवार आहे, मी घरीच आहे. काकूंना घेऊन वर या. याल ना?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मालकानं भाडेकरूच्या दारात मोबाइल घेऊन उभं राहायचं, हे मला अजून गिळायचं होतं.

घरी बायको तांदूळ निवडत होती, हातानं चाचपून. मी समोर बसलो आणि सांगितलं. साइट बंद नव्हती, मीच चुकलो, आणि ऑफिसात दोघांसमोर वाचून दाखवलं. तिनं चाचपून एक खडा बाजूला टाकला.

"वाचाला येत नाय ते सोडा," ती म्हणाली. "पेपर वाचताना तुमचे ओठ हलतान. गाव बघतंय. पन साइट बंद हाय असं का बोल्लाव?"

"मग काय बोलायचं होतं?"

"मी त्या साइटला गावभर शिव्या घातल्या. शेजारचे वहिनीला पन सांगितलं, जाव नको, बंद हाय. तिचा पन डोळा पिकलाय. तिच्या पोरीनं टोकन काढाचं म्हटलं तर ही म्हनली, कशाला, बंद हाय ना. ती बसलीय घरात."

शेजारची वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वारला. तो मॅट्रिक झालेला होता. सकाळी कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रत्येक बातमीला म्हणायचो, वाचली मी ही. वहिनी घरात ऐकत असायची. गावात एक घर असं होतं की जिथं मला हे बोलायचं नव्हतं, ते तेच घर.

"मी सांगेन पोरीला निरोप," मी म्हटलं.

"निरोप नको. तुमी जा. तिचं नाव लागल्याशिवाय माझा डोळा करू नका." तिनं ताट बाजूला ठेवलं. आमच्यात मी हट्टी समजला जातो. ज्यांनी तिला पाहिलं नाही ते तसं समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी वहिनीच्या दारात उभा राहिलो. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती, पानांबरोबर देठही टाकत.

"कोन, भावजी?" ती म्हणाली. आवाजावरून नाही, चपलेवरून ओळखलं असणार. "बसा. च्या टाकते."

"बसत नाय. दवाखान्याची साइट चालू हाय वहिनी. बंद नव्हतीच. मना वाचाला येत नाय, म्हनून मी चुकीचं दाबलं आनि हिला खोटं सांगितलं."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आमचे हे पेपर वाचाचे तेवा तुमी बोलाचाव, वाचली मी. हे घरात येऊन हसाचे. बोलाचे, हसू नको, तो मानी मानूस हाय."

"हसा मग आता."

"आता कशाला? डोळं दिसाला लागतीन तवा हसू." ती पदर सावरत उठली. "काय काय घ्याचं?"

"आधार कार्ड घ्या. दहाला उघडतं."

तिनं कार्ड शोधलं, मला दिलं आणि चप्पल पायानं चाचपून घातली. आमच्या जिन्याशी बायको येऊन थांबलीच होती. वहिनीचा हात मी कठड्याला लावून दिला, बायकोचा हात माझ्या हातात घेतला आणि एकेक पायरी सांगत दोघींना वर नेलं. मग भाडेकरणीच्या दाराची बेल मीच वाजवली.